शोभाकाकीच्या दारातली हळद

होळी जवळ आली की वसमतहून हिंगोलीला येणाऱ्या एसटीला हळदीचा वास यायला लागतो. मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून, परतणाऱ्या बायांच्या लुगड्यांना तो असतो, सीटखाली ठेवलेल्या पिशव्यांना असतो, कंडक्टरनं परत केलेल्या नोटांनासुद्धा असतो. याच दिवसांत माझ्या शाळेतल्या पोरी दहावीच्या परीक्षेला बसणार असतात. स्टाफरूममधल्या बाई खिडकीपाशी उभं राहून म्हणतात, “काय छान वास सुटलाय हो, लग्नघरासारखा.” मी मान हलवते. इतकी वर्षं झाली, हळदीचा वास आणि भूमितीचं पुस्तक एकत्र आलं की माझे कान आपोआप उभे राहतात. कुठंतरी पत्रा वाजतोय का, हे मी ऐकायला लागते.

आमची वस्ती वसमतला रुळांच्या पलीकडे होती. नगरपालिकेच्या हद्दीत होती, पण नगरपालिकेचा नळ रुळांच्या अलीकडेच संपायचा. दिव्याचे खांबही तिथंच थांबायचे. पलीकडे एक हापसा, एक लिंबाचं झाड आणि पत्र्याच्या भिंतींची घरं. निम्मी घरं आम्हा बौद्धांची, निम्मी मुसलमानांची, मधूनमधून खेडी सोडून मोंढ्यात कामाला आलेले कोणी. दादा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यात हमाली करायचे. माय हळद निवडायची. हंगाम भरात आला की अडत्यांच्या गोदामात जागा उरायची नाही, मग पोती हातगाडीवरून आमच्या वस्तीत यायची. बाया दारात गोणपाट अंथरून बसायच्या, लांब हळकुंडं एका बाजूला, गोल गड्डे दुसऱ्या बाजूला, किडकं-कुजकं पायाशी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या नाकात, पापण्यांवर, भाकरीवर पिवळी धूळ. लोकांना तो रंग मंगल वाटतो. आम्हाला तो पोटाचा वाटायचा.

मी दहावीला होते त्या वर्षी वस्तीतल्या बाया एका आवाजाला भ्यायच्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. आदल्या उन्हाळ्यात हापशाजवळच्या घरातली वच्छलाबाई जळाली होती. भर दुपारी. आम्ही किंकाळी ऐकली आणि सगळे आपापल्या दारात उभे राहिले. जैतून खाला तेवढी हातातली गोधडी घेऊन धावली. खाला आमच्या समोरच राहायची, नवरा वारलेला, लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरायची. तिनं शिवायला आलेली गोधडी वच्छलाबाईवर टाकली, पण उशीर झाला होता. स्टोव्हचा भडका उडाला असं सगळे म्हणाले. पंचनाम्याला आलेले लोकही तेच लिहून घेऊन गेले. वच्छलाबाईचा स्टोव्ह फळीवर जागच्या जागी होता, पुसून ठेवलेला. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला आणि कुणी काही बोललं नाही. तिची लेकरं आजोळी गेली. त्यानंतर अवेळी कुणाच्या घरात पंपाचा आवाज आला की माय हातातलं टाकून मला म्हणायची, “जाय गं, काय शिजून राहिलं बघून ये.” मी जायची, चहा उकळताना बघायची आणि परत यायची. मायच्या कपाळावरचा घाम तेव्हा पुसला जायचा.

शोभाकाकी आमच्या शेजारी राहायला आली ती त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमाराला. तिचं माहेर नरसीकडचं, बारावीपर्यंत शिकलेली. आमच्या वस्तीत एवढी शिकलेली बाई ती एकटीच. मायला ती अक्का म्हणायची. आमच्या आणि तिच्या घराच्या मधे एकच पत्रा होता, त्याला एक खिळा निघून पडलेलं भोक. मी भिंतीला टेकून मोठ्यानं प्रमेयं पाठ करायची आणि पलीकडून भाकरी थापण्याचा आवाज मधेच थांबायचा. “बेबे, समरूप म्हण. एकरूप नव्हं. पुन्हा म्हण बरं.” मी पुन्हा म्हणायची. बराबर आलं की पलीकडून “हां” यायचं आणि थापणं सुरू व्हायचं. मला भूमितीची गोडी लागली ती अशी पत्र्यातून.

तिचा नवरा उत्तम टेम्पो चालवायचा. बाहेर तो फार चांगला माणूस होता. दादाला हॉटेलात चहा पाजायचा, कुणाचं लेकरू आजारी पडलं तर टेम्पोतून दवाखान्यात सोडायचा. म्हणून सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. ती कुणाशी हसली, दारात किती वेळ उभी राहिली, हापशावर कोण होतं, हे सगळं तो घरी येऊन विचारायचा. आवाज न चढवता विचारायचा. मग आमचा पत्रा हलायचा. शोभाकाकी ओरडायची नाही. मी पाठ टेकून बसलेली असायची आणि तिचं अंग पत्र्यावर आदळलं की ते माझ्या पाठीला कळायचं. मी पुढं सरकून बसायची. थोड्या वेळानं पलीकडून राख चाळल्यासारखा बारीक आवाज यायचा, ती फुटलेल्या बांगड्या गोळा करत असायची.

ती एकदा माहेरी निघून गेली. तिचे वडीलच तिला परत घेऊन आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. “नांदायला पायजे,” असं मायला म्हणाले आणि लगबगीनं एसटीला गेले. एकदा माय आणि खाला पोलीस चौकीवर जाऊन आल्या. तिथं त्यांना सांगितलं, घरगुती मामला आहे. उत्तमला बोलावून समज दिली. घरी आल्यावर त्यानं ती समज शोभाकाकीला दिली. त्यानंतर तो कामावर जाताना दाराला बाहेरून कडी-कुलूप घालायला लागला.

परीक्षा तोंडावर आली होती. एका दुपारी मी वर्तुळाची रचना काढत होते. भोकातून आवाज आला. “बेबे.” आवाज इतका बारीक होता की आधी मला तो माझ्याच डोक्यातला वाटला. “बेबे, अक्काला सांग. यानं रॉकेलचा मोठा डबा आणून ठेवलाय.”

“मग?” मी म्हणाले.

“आमच्यात चूल हाय गं. स्टोव्हच न्हाई.”

कंपासचं टोक कागदात रुतलं. मी उठून बाहेर गेले. माय हळदीच्या ढिगापाशी बसली होती. मी तिच्या कानात सांगितलं. हातातलं हळकुंड तिनं गड्ड्यांच्या बाजूला टाकलं, मग परत उचललं, आणि ते कुठं ठेवायचं हेच तिला कळेना.

खालाच्या घरी दोघी हळू आवाजात बोलल्या. मी दारात उभी होते. माय म्हणाली, “खाला, पुन्हा चौकीवर जावं का?”

“चौकी वाले आते तलक क्या करींगे?” खाला म्हणाली. “वच्छला के टैम बी आये थे. बाद में.”

“मग काय करावं?”

खालानं सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा जाईना. शेवटी ती म्हणाली, “अकेली मिली तो जलाता. सब के सामने नै जलाता. उसकू अकेली नक्को छोडो, बस.”

“तो घरात कसं येऊ देईल?”

“घर में काय कू जाना? दरवाजा तो रस्ते पे हय ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारातली हळद शोभाकाकीच्या दारात गेली. माय, खाला आणि आणखी दोघी-तिघींनी तिथं गोणपाट अंथरले. उत्तम दात घासत बाहेर आला. “हितं काहून?” त्यानं हसूनच विचारलं. “सावली हाय भाऊ,” माय म्हणाली. सावली खरंच होती, लिंबाची. पण मायनं ते म्हणताना वर पाहिलं नाही. तिच्या हातातली हळकुंडं एकमेकांवर वाजत होती. तो चूळ भरून तिच्या गोणपाटाच्या अगदी कडेला थुंकला आणि आत गेला.

लोक नंतर म्हणायचे, त्या बाया मोठ्या धीराच्या. मी तिथंच होते. धीर मला कुठं दिसला नाही. दिसली ती भीती, आणि ती रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन त्या दारात येऊन बसायची. रात्री आम्ही पत्र्याला कान लावून पडायचो, कुणाला झोप लागलेली नसायची. कुणाचा नवरा घरी भांडलेला असायचा. आमचे दादाही चिडले. “दुसऱ्याच्या संसारात काहून पडता तुमी? उद्या तो मोंढ्यात माझ्या नावानं काही बोलला तर?” माय भाकरी भाजत राहिली. दादा न जेवता झोपले. पण सकाळी त्यांनी हातगाडी आमच्या दारात थांबवलीच नाही. ती सरळ पुढं नेली आणि पोती उत्तमच्या दारात उतरवली.

मला अभ्यासाची सुट्टी लागली होती. माय म्हणाली, “पुस्तक घेऊन हितंच बस. डोळे पुस्तकात ठेव, कान घरात ठेव.” मी तसं केलं. आजही मला वाचताना आजूबाजूचं सगळं ऐकू येतं, ही सवय तिथली. दाराची कडी. आत भांडं सरकलं. ती खोकली. तो गेला. तो आला. टेम्पोचा आवाज वळणावर ऐकू आला की बायांचं बोलणं तुटायचं आणि नुसत्या हळकुंडांची खडखड उरायची.

तो गेल्यावर खाला दाराशी सरकून हळूच म्हणायची, “शोभा, हय ना बेटी?” आतून “हाय खाला” यायचं. मग कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं पोरांच्या खोड्या सांगायची, कुणी भाजीचा भाव सांगायची. दारामागं ती ऐकत बसलेली असायची. कधी मी अडले की दाराच्या फटीपाशी पुस्तक न्यायची. तिचं बोट फटीतून बाहेर यायचं आणि आकृतीतल्या कोनावर टेकायचं. नख काळं-निळं झालेलं असायचं.

उत्तमनं आधी गोणपाटांवर पाणी ओतून पाहिलं. मग निवडलेला ढीग पायानं उधळला. बायांनी तो परत गोळा केला. मग त्यानं कामावर जाणंच सोडलं. ते सगळ्यात वाईट होतं. तो दारात बाजेवर बसायचा, काडेपेटीतून काडी काढायचा, कान कोरायचा, काडी परत ठेवायचा. सगळ्यांच्या नजरा त्या काडेपेटीवर. त्याला ते ठाऊक होतं. तो कधी पेटी नुसतीच खुळखुळवायचा आणि आमच्या तोंडांकडे पाहायचा. मी मान खाली घालून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर काढलेला लंब, वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर काढलेला लंब.

मग हळद संपली. त्या वर्षी हंगाम लवकरच आटोपला. एका दिवशी हातगाडी आली नाही, दादा म्हणाले, “मोंढा रिकामा झाला.” दारात शेवटच्या पोत्याचा ढीग उरला होता, तोही दुपारपर्यंत निवडून झाला. उत्तम बाजेवरून पाहत होता. “आता काय निवडता?” त्यानं विचारलं. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं तर गोणपाट झटकायला घेतला. तेव्हा खालानं दोन्ही हातांनी हळकुंडांचा ढीग ओढला, गड्ड्यांत मिसळला आणि पहिल्यापासून निवडायला लागली. “ठीक सें हुआ नै बेटा,” ती म्हणाली. “फिर सें करना पडींगा.”

तो हसला. खरंच मोठ्यानं हसला. मग उठला, आत गेला आणि आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी माझा भूमितीचा पेपर होता. ऊन डोक्यावर होतं. आत आधी काहीच ऐकू आलं नाही. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग पाणी सांडावं तसा. पण पाण्याला वास नसतो. तो वास दाराखालच्या फटीतून आला आणि हळदीच्या वासात मिसळला. शोभाकाकी तेव्हा पहिल्यांदा ओरडली. शब्द नव्हता. मी आयुष्यात तसा आवाज पुन्हा ऐकला नाही आणि ऐकू येऊ नये.

आदल्या उन्हाळ्यासारखं सगळे पुन्हा दारात उभे राहतील असं मला वाटलं. पण बाया आधीच दारात होत्या, आणि दार तिचं होतं. माय उठली ते मला आठवत नाही, एकदम ती दारावर आदळलेली आठवते. पत्र्याचं दार ते. सगळ्यांनी मिळून खालून धरून उचकटलं, बिजागऱ्या निघाल्या, दार आमच्याच अंगावर आलं. आत अंधार होता. शोभाकाकी चुलीच्या कोपऱ्यात उभी, केस चेहऱ्याला चिकटलेले, लुगड्यातून टपटप गळत होतं. चूल विझलेली होती म्हणून ती अजून उभी होती. उत्तमच्या एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

“मागं व्हा,” तो म्हणाला. “न्हाई तर लावतो.”

क्षणभर सगळ्या थांबल्या. मी उंबऱ्यावर होते, मला सगळं दिसत होतं. मग खाला चालत गेली. धावली नाही. जाऊन तिनं शोभाकाकीला मिठी मारली, गच्च, तिच्या गळत्या केसांत तोंड खुपसून. खालाचं लुगडं रॉकेलनं काळं झालं. “अब लगा,” ती त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली. “लगा बेटा. दोनों कू लगा.”

आणि माझी माय पुढं गेली. तिनं दोघींना कवटाळलं. जाताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्याही गेल्या, एकेक करून, आणि त्या कोपऱ्यात बायांचा एकच ढीग झाला, ओला, कापणारा, कुणाचा हुंदका कुणाचा कळू नये असा. मी किंचाळले, “माय, नको!” कुणी ऐकलं नाही. उत्तम त्या सगळ्यांकडे पाहत राहिला. एकीला जाळून स्टोव्हचा भडका म्हणता येतं. एवढ्यांचं काय म्हणणार? त्याच्या मनात हेच आलं की दुसरं काही, मला ठाऊक नाही. त्याचा हात खाली आला. काडी मोडली होती. तो माझ्या अंगावरून बाहेर गेला, त्याची पँट माझ्या खांद्याला घासली, आणि टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यांनी अंघोळ केली नाही. खालानंच करू दिली नाही. “ऐसेच चलो,” म्हणाली. तशाच ओल्या, रॉकेलनं भिजलेल्या बाया रूळ ओलांडून चौकीवर गेल्या आणि तिथल्या फरशीवर बसल्या. वासानं आतल्या माणसांना बसवेना. त्या दिवशी तक्रार लिहून घेतली गेली. संध्याकाळी परत आल्यावर वस्तीतल्या प्रत्येक घरातून पाण्याच्या घागरी आल्या, मुसलमानांच्या घरांतून, आमच्या घरांतून. शोभाकाकीचे केस मी धुतले. साबण संपला, वास गेला नाही. सकाळी पेपर लिहिताना माझ्या बोटांना तो येत होता. पुढच्या बाकावरची पोरगी दोनदा मागं वळली. प्रश्नपत्रिकेत वर्तुळाचं प्रमेय आलं होतं, ते मी लिहिलं. मी पास झाले.

उत्तमला धरलं, काही दिवसांनी सोडलं. तो परत येईल म्हणून आम्ही तो सगळा उन्हाळा टेम्पोचा आवाज ऐकत काढला. तो आला नाही. नांदेडकडे गेला म्हणतात. शोभाकाकी खालाकडे राहिली, वस्तीत अंगणवाडी सुरू झाली तेव्हा तिथं मदतनीस लागली, पुढं हिंगोली जिल्हा झाल्यावर इकडं कामाला आली. ती वाचली. पण सुटली असं मी म्हणणार नाही. माझ्या लग्नात मेणबत्त्या लावायची वेळ आली तेव्हा ती मांडवाच्या बाहेर जाऊन उभी राहिली, ज्योती विझेपर्यंत.

दारात जाऊन बसणं मग आमच्या वस्तीची रीत झाली. कुणाच्या घरातून आवाज आला की कुणी भाजी निवडायला घेऊन, कुणी गोधडी घेऊन तिथं जाऊन बसायची. काही घरं त्यामुळं वाचली. एका घरी पोहोचायला उशीर झाला. ती बाई कशी होती, काय बोलायची, हे माय अजून कधी कधी मधेच सांगायला लागते आणि मधेच थांबते.

मी आता हिंगोलीत पक्क्या भिंतींच्या घरात राहते. शेजारचं काही ऐकू येत नाही. पाहुण्यांना हे फार आवडतं, किती शांत आहे म्हणतात. मला त्या शांततेची भीती वाटते. भिंतीपलीकडे कोण आहे, तिच्या घरात डबा कसला आहे, मला काही कळत नाही.

परवा माय माझ्याकडे आली होती. तिचे केस पांढरे झालेत, हात अजून पिवळसर. खिडकीतून हळदीचा वास आला. इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं. “माय, तेव्हा तू आत गेलीस. तुला भीती वाटली न्हाई का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही विचित्र विचारलं असावं अशी.

“वाटली ना. म्हणूनच तर घट्ट धरलं,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “तो गेला तरी हात सुटेनात आमचे. शोभा म्हणू लागली, अक्का, सोडा आता, गेला तो. पण कुणाचा हात कोणता, तेच कळंना.”